हौद्याचा नवा पत्रा उचलून बघा

वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून थोडक्यात:

मी २८ वर्षांचा आहे. दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर शेती, मुख्य पीक टोमॅटो. माल ३० किलोमीटरवरच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातो. भाड्याच्या पिकअपला खेपेला १,८०० रुपये द्यावे लागतात. एका खेपेत ९० क्रेट जातात आणि हंगामात चाळीसेक खेपा होतात, म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये भाड्यातच जातात. म्हणून स्वतःची जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलंय. अलिबागकडची एक बोलेरो पिकअप पाहिली. २०१७ च्या अखेरची, बीएस ४ (धुराच्या आधीच्या सरकारी निकषाची), एक हाती, ७८,००० किलोमीटर चाललेली. आधी मुंबईला मासळी टाकायला होती. हौद्याला मागच्याच महिन्यात नवा पत्रा टाकलाय, रंगही केलाय. मालक ४ लाख ६० हजार म्हणतो. माझ्याकडे १ लाख ६० हजार आहेत, उरलेले ३ लाख फायनान्सवाला ९ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी देतोय. मेकॅनिक मित्राने इंजिन ऐकून 'एक नंबर' सांगितलं. वडील मात्र 'दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेऊ नको' म्हणतात. त्यांनी पूर्वी घेतलेला जुना ट्रॅक्टर दोन वर्षांत भंगारात गेला होता. फायनान्स नको असेल तर बायको दागिने गहाण ठेवायला तयार आहे. गाडी घेऊ का? घेतली तर कशी सांभाळू?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हिशेबासाठी आणि दुसऱ्यांदा 'हौद्याला मागच्याच महिन्यात नवा पत्रा टाकलाय' या एका वाक्यासाठी. तुम्ही ते गाडीची जमेची बाजू म्हणून लिहिलंय. मी मात्र तिथेच अडकले.

मासळीच्या गाडीत बर्फ असतो. तो रस्ताभर वितळत राहतो आणि ते खारट पाणी पत्र्याच्या सांध्यांतून खाली चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकतं. चेसिसच्या आडव्या-उभ्या पट्ट्या जिथे जोडलेल्या असतात तिथे साचतं, कमानपाट्यांच्या फटीत शिरतं, ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्यांवरून ओघळतं. वरून रोज पाण्याचा पाइप मारला तरी खालची बाजू कोण धुतो? अशी आठ वर्षं गेली की आधी हौद्याचा पत्रा कुजतो, कारण तो सगळ्यात पातळ. तो बदलता येतो आणि बदलला की गाडी नव्यासारखी दिसते. चेसिस बदलता येत नाही. मालक फसवतोच आहे असं मी म्हणत नाही. हौदा कुजला म्हणून त्याने पत्रा बदलला, यात लपवण्यासारखं काही नसेलही. पण पत्रा बदलायची वेळ आली याचा अर्थ त्याच्या खाली काय झालं असेल ते बघणं तुमचं काम आहे. आणि मित्राने फक्त इंजिन ऐकलंय.

दुसरी गोष्ट किलोमीटरची. अलिबागहून रस्त्याने मुंबईला जाऊन यायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. ७८,००० ला २०० ने भागा, ३९० खेपा येतात. मासळीच्या धंद्यातली गाडी आठ वर्षांत फक्त ३९० वेळा मुंबईला गेली? आठवड्याला एकदासुद्धा नाही? एक तर गाडी मधली बरीच वर्षं उभी होती, नाहीतर मीटर मागे फिरवलेलं आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर सांगून मालकालाच जुनी नोंद काढायला लावा. शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते तिथे कळतं. तीही नसेल तर ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. ७८ हजारांवर त्याच्या रेघा पुसट व्हाव्यात, पार गुळगुळीत होऊन कडेचं लोखंड उघडं पडू नये. क्लचच्या पॅडलचं रबर कोरं करकरीत नवं असेल तर तेही बोलकंच आहे. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगवर हात टेकतो ती जागा, गिअरची मूठ यांना खोटं बोलता येत नाही.

आता मी ही गोष्ट एवढ्या पोटतिडकीने का सांगतेय ते ऐका. नाशिकमधल्या एका वाहतूकदाराकडे मी अकरा वर्षं हिशेब लिहिले. दर गाडीला वहीत वेगळं पान, रोज एक ओळ. गाडी गेली तर खेप, भाडं, डिझेल. नाही गेली तर एकच शब्द: 'उभी'. एका वर्षी मालकांनी एकाच आठवड्यात दोन जुन्या पिकअप घेतल्या. एक दुसरीपेक्षा ६० हजारांनी स्वस्त होती, म्हणून सगळे खूश. चार महिन्यांनी मी दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवली. महागडीच्या पानावर तीनदा 'उभी' होतं. स्वस्त गाडीच्या पानावर २३ वेळा. कधी ब्रेकची नळी गळाली, कधी पाटा तुटला, कधी वायरिंगचे जोड हिरवे पडून गाडी वाटेतच बंद. दुरुस्तीची बिलं मिळून ६० हजार झाली नव्हती, हे आधी मलाही विचित्र वाटलं. पण २३ दिवसांची बुडालेली भाडी मिळवली तेव्हा मालकांनी पेन खाली ठेवलं. त्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या महिन्यांत कमीच पगार मिळाला होता, कारण त्याचं खेपेवर ठरलेलं होतं. त्याची बायको दोनदा आमच्या ऑफिसात येऊन बसली होती. ते मला अजून आठवतं. तेव्हापासून कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की मी किंमत नंतर विचारते, ही गाडी किती दिवस उभी राहील ते आधी.

तुमच्या बाबतीत तर 'उभी'चा अर्थ आणखी कडू आहे. टोमॅटो खुडून क्रेटमध्ये भरलेत आणि गाडी उभी, म्हणजे त्याच रात्री ओळखीच्या पिकअपवाल्याचे पाय धरायचे. तो हंगामात मोकळा नसतो. आणि आपण गाडी घेतली म्हणून त्याला सोडलेलं असतं.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. तुम्ही धरलंय की स्वतःची गाडी आली की ७२,००० वाचले. वही काढा आणि माझ्याबरोबर लिहा.

फायनान्सवाल्याचे ९ टक्के 'फ्लॅट' आहेत का, हे त्याला तोंडावर विचारा. बहुतेक तसेच असतील. ३ लाखांवर ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ८१,०००. एकूण ३ लाख ८१ हजार भागिले ३६, म्हणजे महिन्याला साधारण १०,५८३ रुपये हप्ता. यात तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता, पण व्याज मात्र तीनही वर्षं पूर्ण ३ लाखांवर मोजलं जातं. बँक ज्या पद्धतीने घटत्या शिलकीवर व्याज सांगते त्या पद्धतीने हाच हप्ता १६ टक्क्यांच्या आसपास जातो. ९ आणि १६ मधला हा फरक कळायला कॉमर्सची पदवी लागत नाही, पण तो कुणी सांगत नाही.

वर्षाचा हप्ता झाला १ लाख २७ हजार. डिझेल खेपेला ५०० रुपये धरा, चाळीस खेपांचे २०,०००. मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमाच २०२२ पासूनच्या दरांनी सोळा हजारांच्या पुढे, त्यावर जीएसटी वेगळा. पासिंग, कर, पीयूसी, ऑइल, टायरची झीज यांचे माझ्या अंदाजाने किमान २५,०००. म्हणजे हप्ता बाजूला ठेवला तरी साठ-बासष्ट हजार गाडीच खाते. ७२,००० मधून उरले दहा हजार, आणि हप्ता १ लाख २७ हजारांचा. वर्षाला १ लाख १७ हजारांची तूट. ती भरायची तर बाहेरची भाडी मारावी लागतील. एका भाड्यात सगळं जाऊन ९०० रुपये हातात राहतात असं धरलं तर वर्षाला १३० भाडी.

या १३० भाड्यांबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. म्हणून मला विचारायचंय की तुम्हाला शेतीला जोड म्हणून वाहतुकीचा धंदा करायचाय का? पहाटे चारला फोन येणार, बाजारात रांगेत दोन-तीन तास जाणार, कुणाचे द्राक्षांचे क्रेट, कुणाची खतं, लग्नसराईत मांडवाचं सामान. तेव्हा तुमच्या टोमॅटोवर फवारणी कोण करणार? करायची तयारी असेल तर फार चांगलं, तुमच्या भागात जानेवारीपासून द्राक्षांमुळे काम मिळतं. पण मग हे गाडी घेण्याआधी घरात बोलून ठरवा. 'भाडं वाचतं' या कारणासाठी गाडी घेऊन नंतर नाइलाजाने भाडी मारणारे मी खूप पाहिलेत. त्यांची शेतीही मागे पडते.

आणि त्या ९० क्रेटचं काय? वीस किलोंचा क्रेट, रिकाम्या क्रेटचं वजन धरून बावीस. नव्वद क्रेट म्हणजे जवळजवळ दोन टन. बोलेरो पिकअप १.३ टनांची येते, १.७ टनांचीही येते. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, वजाबाकी केली की क्षमता कळते. १.३ टनांची असेल तर तिच्यात ५९ क्रेट बसतात. तुमच्या चाळीस खेपांच्या एकसष्ट खेपा झाल्या, हिशेब आणखी बदलला. सगळेच भरतात म्हणून आपणही नव्वद भरू असं मनात असेल तर मोटार वाहन कायद्यातला दंड लक्षात ठेवा: २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. मागे जादा पाटा टाकून घेतला की वजन पेलतं हाही गैरसमज आहे. पाटा पेलतो, पण ॲक्सल, ब्रेक आणि चेसिस तेच राहतात. पाहायला गेलात तर मागचे पाटे मोजा. कंपनीच्या संख्येपेक्षा जास्त असतील तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चाललेली आहे.

वडिलांबद्दल. तुम्ही त्यांचं म्हणणं अडथळा म्हणून लिहिलंय. मला ते अनुभवी माणसाचं बोलणं वाटलं. त्यांना एकदा शांतपणे विचारा की तो ट्रॅक्टर नेमका कशाने गेला? इंजिन बसलं, सुटे भाग मिळेनात की दुरुस्तीला पैसे उरले नाहीत? माझा अंदाज तिसरा आहे. हातातला सगळा पैसा खरेदीत घातला की पहिल्याच बिघाडाला माणूस उधारीवर येतो, मग काम अर्धवट करून घेतो आणि अर्धवट कामातून पुढचा बिघाड होतो. तुमच्याही बेतात १ लाख ६० हजार पूर्णपणे खरेदीत जाताहेत. गाडी कुठलीही घ्या, ५० हजार बाजूला काढून वडिलांच्या हातात द्या आणि सांगा की हे गाडीच्या पहिल्या सहा महिन्यांचे. त्यांचा विरोध तिथेच निम्मा विरघळेल असं मला वाटतं.

आणि दागिने. 'बायको तयार आहे' हे वाक्य तुमचं आहे, तिचं मला ऐकायला मिळालेलं नाही. तिने स्वतःहून विषय काढला की तुमचा चेहरा पाहून म्हणाली? सोन्यावरचं कर्ज बँकेतून घेतलं तर त्या १६ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडू शकतं, त्यामुळे हिशेबाने ती वाट वाईट नाही. पण मुदतीत फेडलं नाही तर दागिने लिलावात जातात आणि ते तिच्या माहेरचे असतील तर त्याची भरपाई कुठल्याच वहीत मांडता येत नाही. घ्यायचंच ठरलं तर गाडी तिच्या नावावर घ्या. चालवायला तुम्ही आहातच. पैसा तिचा असेल तर आरसीवर नावही तिचं असू दे. हे मी ठामपणे सांगतेय.

मग काय करावं? नवी गाडी घ्यायची तर याच्या दुप्पट पैसे लागतील, तेवढं कर्ज चार एकरांवर नको. छोटा हत्ती म्हणतात ती गाडी ७५० किलोंची, म्हणजे ३४ क्रेट. फेऱ्या फार होतील. शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याबरोबर भागीत घेणं कागदावर छान दिसतं, पण दोघांचे टोमॅटो एकाच दिवशी पिकतात. मला पटतो तो मार्ग असा: जुनीच घ्या, पण एवढी महाग नको आणि हंगामाच्या तोंडावर नको. ऑगस्टच्या आधी सगळे शेतकरी गाडी शोधतात आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं. कर्ज दीड लाखाच्या वर जाऊ देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचा भावही उतरायला हवा, पण विकणारे जुनेच भाव सांगतात. घासाघीस करताना हा मुद्दा काढा, तुमचा हक्क आहे तो.

गाडी ही असो किंवा दुसरी, पाहायला सकाळी सहाला जा. आदल्या रात्री फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर समजा की थंड इंजिन सुरू होताना काय करतं ते तुम्हाला दाखवायचं नाहीये. चहा प्या, गप्पा मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड असेल तर चावी अर्धी फिरवा आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो का बघा. चावी फिरवल्यावर तो लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. लागलाच नाही तर दिवा काढून टाकलेला असू शकतो. मग सेल्फ मारा. चांगलं डिझेल इंजिन एक-दोन फिरकीत घेतं. त्या वेळी एका माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. सुरुवातीला हलका धूर चालतो. निळसर धूर जात राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा थांबतच नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत जातोय. गाडी ओढताना काळा धूर म्हणजे नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बोचं काम. पाच मिनिटांनी इंजिन चालू असतानाच ऑइल ओतायचं झाकण सैल करून उचला. थोडी वाफ येणं ठीक, पण भात्यासारखा फसफस दाब येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे हाफ इंजिन, इंजिन खोलून रिंगा बदलायचं काम, तरी करावं लागणार. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, तिथून सरळ घरी या.

मग खाली झोपा. खरंच झोपा, पोतं अंथरून, हातात बॅटरी आणि छोटी हातोडी घेऊन. ताज्या काळ्या रंगाने सगळं एकसारखं चकचकीत दिसत असेल तर भुलू नका. हातोडीने चेसिसच्या पट्टीवर पुढून मागे हलके ठोके देत या. निरोगी लोखंड टणटणतं. कुजलेलं लोखंड बद्द वाजतं आणि रंगाखाली पापुद्रे असतील तर ठोक्याबरोबर गळून पडतात. पाट्यांचे कान जिथे चेसिसला जोडलेत तिथे आणि मधल्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांना जास्त वेळ द्या. वेल्डिंगची जाड ओळ दिसली तर का केलं ते विचारा. ब्रेकच्या नळीवरून बोट फिरवा, खरखरीत आणि फोड आलेली असेल तर ती कधीही फुटेल. चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि पंच केलेल्या जागेभोवती खरवडल्याच्या खुणा नाहीत ना तेही. टायरवर चार आकडी कोड असतो, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर लोडच्या गाडीला नको.

चालवून बघताना भरलेली मिळाली तर उत्तम. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबा. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्याला खालून 'टक्' आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय. ते छोटं काम आहे, त्यावरून भाव पाडा.

कागदांबद्दल थोडक्यात. इसार देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव, फिटनेसची तारीख, विमा, बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलनं पाहून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरासाठी अर्ज करायचा असतो. विमा मात्र १४ दिवसांच्या आत नावावर करायला घ्या, नाहीतर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, पर्यावरण करही लागतो. ही गाडी आता त्यात आलीय. एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे तिला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही पाहा. हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर (टीटी फॉर्म) सह्या घेऊन 'नंतर करू' असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. लायसन्सची काळजी नको. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय.

कुणी वाचक २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्या पाहत असतील त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज शेत ते गाव असं पाच किलोमीटर चालवलीत तर जाळी चोंदते आणि खर्च मोठा येतो. आठवड्यातून एकदा हायवेवर नेऊन आणा.

आता सांभाळणं. गाडी दारात आली की पूजा करा, पेढे वाटा आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजला नेऊन इंजिन ऑइल, गिअर ऑइल, मागच्या हौसिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, तिन्ही फिल्टर एकदम बदला. आधीच्या मालकाने कधी काय बदललं याचा विचार करत बसण्यापेक्षा आपली तारीख शून्यापासून सुरू झालेली बरी. नंतर कंपनीच्या पुस्तिकेतलं अंतर पाळा, धुळीच्या रस्त्यांवर त्याच्याही आधी.

डिझेल नेहमी पंपावरून थेट टाकीत घ्या. शेतावर ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल बादलीने ओतायची आपल्याकडे सवय आहे. जुन्या इंजिनांनी ते सोसलं. बीएस ४ च्या कॉमन रेल इंजिनात (एकाच नळीतून जोराच्या दाबाने डिझेल सोडणाऱ्या) पंप आणि नोझल इतक्या बारकाईचे असतात की चिमूटभर माती किंवा थोडं पाणी त्यांना पुरतं, आणि नोझलचा संच बदलायचा म्हणजे तुमच्या एका हंगामाच्या भाड्याएवढी चाट बसू शकते. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तो सैल करून पाणी सोडा आणि टाकी रात्रभर रिकामी ठेवू नका.

घाट चढून आल्यावर किंवा भरलेली गाडी पळवून आणल्यावर चावी लगेच बंद करू नका, मिनिट-दीड मिनिट रिकामी चालू ठेवा. टर्बो तेवढ्यात थंड होतो. आणि कधी वाशीला माल घेऊन गेलात तर कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. डिझेल वाचतं म्हणून ड्रायव्हर शिकवतात ते. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तापमानाचा काटा वर सरकला तर 'बाजार दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून पुढे रेटू नका. त्या दोन किलोमीटरांत हेड गॅस्केट जातं.

एक वही करा. डाव्या पानावर खेप, किलोमीटर, डिझेल, भाडं. उजव्या पानावर काम आणि खर्च. गाडी बंद राहिली त्या दिवशी 'उभी' लिहा. वहिनींना हिशेबाची आवड असेल तर वही त्यांच्याकडे द्या, गाडीचं खरं रूप त्यांना तुमच्याआधी कळेल.

अलिबागच्या गाडीबद्दल माझा कल नकाराकडे आहे. पण न बघता नाकारा असंही म्हणवत नाही, कारण चेसिस टणटणीत निघालं, सर्व्हिसची नोंद मिळाली आणि ५० हजार बाजूला ठेवूनही कर्ज दीड लाखाच्या आत राहील इतका भाव खाली आला तर मी मत बदलेन. आज संध्याकाळी मालकाला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: जुनी सर्व्हिसची नोंद दाखवाल का, आणि हौद्याच्या नव्या पत्र्याचे मागच्या कोपऱ्यातले चार बोल्ट माझ्यासमोर खोलू द्याल का? हो म्हणाला तर पहाटेच निघा. मित्राला बरोबर घ्या, आणि या वेळी वडिलांनाही.